शंभर नंबरी पिवळा

"माणसाचं शरीर मातीचं आहे असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या फसवलं. शरीर सोन्याचं आहे, आणि ते मी आज, इथे, तुमच्या डोळ्यांदेखत सिद्ध करणार आहे," असं बलगुरूंनी जाहीर केलं, दोन्ही हात आभाळाकडे नेले, आणि त्यांचं बनियन काखेपासून कमरेपर्यंत टरकन उसवलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बनियन बळामुळे फाटलं की दोन नंबर लहान घेतल्यामुळे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तिसऱ्या रांगेतल्या रंगमास्तरांना तेवढा पडला. त्यांचा सगळा जन्म कापडात गेलेला. ती शिवण कच्च्या टाक्यांची आहे आणि दर पंधरवड्याच्या सभेला नव्याने घातली जात असणार, हे त्यांनी बसल्या जागेवरून ओळखलं.

"कच्चा टाका आहे," ते बायकोच्या कानात म्हणाले.

"गप्प बसा हो. आपल्या मुलाचा नंबर आहे आज."

मास्तर गप्प बसले. शहाणी माणसं मूर्खांच्या सभेत एवढंच करतात, आणि मूर्खांचं तेवढ्यावर भागतं.

सभा भरायची ती दुकानांच्या रांगेवरच्या एका मोठ्या खोलीत. पूर्वी तिथे फर्निचर विकायचे. आता अर्ध्या भागात लोखंडी वजनं आणि व्यायामाची बाकं, उरलेल्या अर्ध्यात प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडक्यांच्या काचांवर जाड तपकिरी कागद चिकटवलेला, का तर ऊर्जा बाहेर जाऊ नये. आणि छतावर चाळीस पिवळेजर्द दिवे. त्यांना म्हणायचं ऊर्जादीप. त्या उजेडात शाळेचा मुख्याध्यापकसुद्धा मायाळू दिसला असता.

बलगुरूंच्या साधनेला तीन पायऱ्या होत्या. पहिली सिद्धतेल. निळ्या कागदाची चिठ्ठी लावलेल्या इवल्याशा बाटलीवर बलगुरू एकवीस श्वास सोडत आणि मग त्यातलं तेल आठवड्यातून दोनदा सुईने भक्ताच्या कमरेत घालत.

"हे औषध नाही," ते सांगत. "औषध रोग्याला लागतं. हे तेल आहे. तेल म्हणजे बीज, बीज म्हणजे वृक्ष. मी तुमच्या कमरेत वृक्ष लावतो आहे."

कमरेत वृक्ष लावून घ्यायला लोक जिन्यापर्यंत रांगेत उभे राहत.

"गुरुजी, पण लिव्हरला काही..." असं एखादा चाचरत विचारी.

"चांगला प्रश्न. तोंडाने घ्याल ते सगळं यकृतातून जातं. सुईने गेलेलं यकृताला ओळखसुद्धा दाखवत नाही. तरी मी बापाच्या काळजाने काळजी घेतो. म्हणून दुसरी पायरी. यकृतरक्षक गोळी, सकाळ-दुपार-संध्याकाळ."

धोका तोंडाने घेतलेल्या गोष्टीचा, आणि त्यावरचा रखवालदार तोंडानेच आत सोडायचा, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. गोळी गुलाबी होती आणि डबीवर हात जोडलेलं यकृत छापलेलं होतं. हात जोडलेल्यावर संशय कोण घेणार?

तिसरी पायरी सुवर्णकांती. ती सगळ्यांना लाभत नसे. आजवर पाच जणांना लाभली होती. आज सहावा होता, आणि तो मास्तरांचा मुलगा होता.

मुलगा सत्तावीस वर्षांचा. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. शाळेपासून त्याचं नाव काडी. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाला की पिशवीच त्याला कुठेतरी घेऊन चालली आहे असं वाटे. सात महिन्यांपूर्वी तो या जिन्यावर चढला तेव्हा बावन्न किलोचा होता. आता चौऱ्याहत्तर. आईने त्याच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या उसवून रुंद केल्या होत्या, आणि इमारतीत त्याला काडी म्हणणारे आता "काय भाऊ" म्हणायला लागले होते.

बलगुरूंनी हाक मारली. मुलाने शर्ट काढला आणि तो दिव्यांखाली उभा राहिला. सभेच्या तोंडून "आहा" निघाला. खांदे, छाती, दंड, सगळं तांब्यापितळेच्या ओतकामासारखं, आणि त्यावर एक पिवळसर झळाळी.

"कोणी म्हणेल, हा दिव्यांचा रंग आहे," बलगुरू म्हणाले. त्यांना शंका नेहमी स्वतःच काढायची सवय होती. त्यामुळे दुसऱ्याला ती काढायला उरत नसे. "म्हणून मी रंगाचा जाणकार बोलावतो. एकतीस वर्षं कापडाचा रंग पारखणारा माणूस. बाप म्हणून नको, जाणकार म्हणून या, मास्तर."

मास्तर उठले. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी मुलाचा दंड हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांचं काम म्हणजे नापास करणं. डाइंग कारखान्यात रंगून आलेला माल गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळवायचा आणि केसभर फरक असला तरी परत पाठवायचा. ती सवय घरातही आलेली. मुलाने लहानपणी काढलेलं चित्र, पहिली कमाई देऊन आणलेली खुर्ची, स्वतः बसवलेला बाथरूमचा नळ, सगळ्यावर त्यांचा एकच शेरा: "चालेल." त्याहून वरचा शेरा घरात कोणी ऐकला नव्हता.

"शंभर नंबरी," मास्तर म्हणाले. "असा पिवळा मी आयुष्यात पाहिला नाही."

यातलं दुसरं वाक्य अक्षरशः खरं होतं.

सभेने छत डोक्यावर घेतलं. कोणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ते अर्ध्या गावाने पाहिलं. मुलगा मात्र टाळ्यांकडे बघत नव्हता. बापाकडेच बघत होता, आणि सहा वर्षांच्या पोरासारखा हसत होता.

आता कारखान्यातला एक नियम, जो मास्तरांनीच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला होता: रंग फक्त उत्तरेच्या खिडकीत पाहायचा, दहा ते तीन या वेळात. दिव्याखाली पाहायचा नाही. कारण दिव्याखाली दोन कापडं जुळी भावंडं दिसतात आणि उजेडात नेली की एकमेकांना ओळखत नाहीत. या नियमापायी मास्तर एकदा मालकाशी सहा महिने बोलले नव्हते. आणि त्याच माणसाने पोटच्या पोराचा रंग संध्याकाळी पाच वाजता, चाळीस पिवळ्या दिव्यांखाली, पास केला.

पुढच्या दिवसांत मुलाला खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. तळहातांना, तळपायांना, पाठीला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की तो स्क्रू-ड्रायव्हरने पाठ खाजवी.

"जुनी कातडी जागा सोडते आहे," बलगुरू म्हणाले.

लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. "विष बाहेर पडतं आहे." शौचाला पांढुरकं होऊ लागलं. "आतडी शुद्ध झाली." अन्नावरची वासना उडाली. "शरीर स्वतःहून उपवास धरतं आहे. केवढं भाग्य." बलगुरूंकडे प्रत्येक लक्षणाला नाव होतं. रोगाला तेवढं नव्हतं.

आईच्या जिवाला चैन पडेना. ती एकटीच बलगुरूंना जाऊन भेटली.

"कावीळ तर नाही ना हो?"

"ताई, कावीळ झालेल्याला काय दिसतं?"

"सगळं जग पिवळं, म्हणतात."

"बाळा, तुला जग पिवळं दिसतं का?" बलगुरूंनी मुलाला विचारलं.

"नाही, गुरुजी."

"मग संपलं."

म्हणीने निदान झालं, आणि आई परत आली. पण आईचं मन म्हणींनी भरत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला त्याचा रंग बरा दिसत नाही."

मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खालीसुद्धा केलं नाही.

"रंगातलं तुला काय कळतं?" ते म्हणाले.

ती आत वळली. पुढे कधीही, कितीही रागात असताना, तिने हे वाक्य त्यांना ऐकवलं नाही. त्यामुळे ते त्यांना रोज ऐकू यायचं.

सभेनंतर पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी मास्तर घरून निघताना चष्मा विसरले. मुलाचं काम शेजारच्याच इमारतीत होतं, म्हणून अकराच्या सुमाराला तो चष्मा द्यायला कारखान्यात आला. मास्तर उत्तरेच्या खिडकीत उभे होते. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटांचं पिवळं कापड तपासणं चालू होतं. असा भडक रंग फार वेळ पाहिला की नजर थकते, म्हणून मधूनमधून एका पांढऱ्या कार्डाकडे पाहायचं असतं. ते कार्ड त्यांच्या हातात होतं.

"बाबा, चष्मा."

मास्तरांनी कार्डावरून नजर उचलली ती थेट मुलाच्या डोळ्यांत गेली.

डोळ्यांत पांढरं असं काही नव्हतं.

"इकडे ये," ते म्हणाले. "उजेडात उभा राहा. वर बघ."

"काय झालं?"

"वर बघ म्हणतो ना."

त्यांनी कार्ड मुलाच्या डोळ्याशेजारी धरलं. दुसऱ्या हातात जाकिटाच्या पिवळ्या कापडाचा तुकडा होता. तो त्यांनी नकळत दुसऱ्या बाजूला धरला, आणि मग लगेच खाली घेतला, कारण तो जुळत होता.

पलीकडे बॉयलरवाला उभा होता. मास्तरांच्याच वयाचा, त्यांच्याच बरोबर नोकरीला लागलेला. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, पोरगं तीन आठवडे या दारावरून जातंय. आम्हाला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही पास केलेला रंग. व्हिडिओ बघितला आम्ही सगळ्यांनी. तुमच्यापुढे आम्ही रंगाचं काय बोलणार?"

मास्तरांनी यंत्रं तशीच चालू सोडली, मुलाचा हात धरला आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली. वाटेत मुलगा दोनदा म्हणाला की बलगुरूंना एकदा विचारू या. मास्तरांनी हात सोडला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. वयाने मुलाहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या, कायम सर्दी झालेल्या, आणि चमत्कार ऐकायला वेळ नसलेल्या. त्यांनी मुलाची पापणी खाली ओढली, पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं. संध्याकाळी कागद आला.

"पित्तातला जो पिवळा पदार्थ रक्तात जेमतेम एक असायला हवा, तो याच्या रक्तात अडतीस आहे," त्या म्हणाल्या. "किडन्याही बसायला लागल्या आहेत. काका, हा कधीपासून पिवळा आहे?"

"पाच आठवडे तरी झाले."

"कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. मीच पास केला."

बाईंना ते वाक्य कळलं नाही. त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "काय काय घेत होता?"

बाटली भक्ताने प्रसाद म्हणून कायम जवळ बाळगायची असे; मुलाने खिशातून ती आणि डबी काढून टेबलावर ठेवली. बाटलीवरची निळी चिठ्ठी बाईंनी उलटसुलट पाहिली. सिद्धतेल, एकवीस श्वास, यापलीकडे तीवर काही नव्हतं. मास्तर म्हणाले, "द्या इकडे." कागद, डिंक, पाणी ही त्यांच्या घरची माणसं. वॉर्डातल्या नर्सकडून त्यांनी वाटीभर कोमट पाणी मागून घेतलं, बाटली त्यात आडवी ठेवली, आणि दहा मिनिटांनी निळी चिठ्ठी नखाने अलगद सोडवली. खाली दुसरी होती, छापील, बारीक अक्षरांची.

बाईंनी ती वाचली. "टेस्टोस्टेरॉन."

"म्हणजे?"

"पुरुषाच्या शरीरात आपोआप तयार होणारं संप्रेरक. ज्यांच्या शरीरात ते कमी पडतं त्यांना डॉक्टर मोजून देतात. तेलात विरघळवलेलं असतं, हे मात्र तुमच्या गुरूचं खरं आहे."

"आणि त्याने लिव्हर..."

"तिथेही तो अर्धं खरं बोलला. सुईने घेतलेल्या या औषधाने लिव्हर इतकी बिघडणं विरळा. कधीच होत नाही असं नाही. पण याला दिलंय ते डॉक्टरांच्या मापाच्या पाच-सहा पट. त्याने रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो, शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवतं. अंगावर मांस चढलं ते यामुळे. एकवीस श्वासांमुळे नाही." त्यांनी गुलाबी डबी हातात घेतली. "हा पिवळा रंग मला वाटतं हिच्यातून आलाय. तपासायला पाठवते."

नऊ दिवसांनी उत्तर आलं. गोळीत यकृताचं रक्षण करणारं काही नव्हतं. तिच्यात होतं त्याच संप्रेरकाचं एक भावंड, तोंडाने घ्यायचं, शरीर फुगवायला चोरून विकलं जाणारं.

"तोंडाने घेतलेल्या औषधाचे रेणू लिव्हर एरवी मोडून टाकते," बाईंनी मास्तरांना समजावलं. "म्हणून या गोळीचा रेणू मुद्दाम असा केलेला असतो, की लिव्हरला तो चटकन मोडता येऊ नये. लिव्हर झगडत राहते, पित्ताची वाट तुंबते, पित्त रक्तात उतरतं. आधी खाज, मग काळी लघवी, मग पिवळेपणा. सुईने आणलेलं बाळसं आणि गोळीने आणलेली कावीळ, एवढीच ती सुवर्णकांती."

"म्हणजे रक्षक म्हणून दिली तीच..."

"तीच. दिवसातून तीनदा."

मास्तरांनी डबी उचलली आणि हात जोडलेलं चित्र टेबलाकडे करून पालथी ठेवली.

"गोळ्या थांबल्या की बहुतेकांची कावीळ उतरते. महिने लागतात, पण उतरते," बाई पुढे म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "याचं पुढे सांगता येत नाही, काका. फोटोत लिव्हरच्या आत रक्ताची लहान लहान डबकी दिसतात. त्यातलं एखादं फुटलं तर आमच्या हातात फारसं काही नसेल. आणि किडन्या अजून मनावर घेत नाहीत."

आठवड्यातून तीन दिवस मुलाला रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडत. बाकीचे दिवस तो पडून असायचा. चढलेलं मांस पाहता पाहता उतरलं. आईने रुंद केलेल्या बाह्यांमधून जुने दंड दिसायला लागले.

एका दुपारी तो म्हणाला, "बाबा, मी सोडणार होतो."

"काय?"

"गोळ्या. सभेच्या आधीच. मळमळायचं, आणि मला नीट वाटत नव्हतं. त्या दिवशी सभेतच सांगणार होतो गुरुजींना, की मला नको आता." तो थांबला. त्याला बोलताना दम लागे. "मग तुम्ही वर आलात. शंभर नंबरी म्हणालात."

मास्तर खिडकीकडे बघत होते.

"मग मला वाटलं, आता काय सोडायचं. तीनाच्या चार केल्या मी."

मास्तरांनी पेला उचलला. "पाणी देऊ?"

"मोजून देतात इथे. संपलं आजचं."

पुढच्या रविवारी दुपारी अडीच वाजता मास्तर पुन्हा तो जिना चढले. खोली भरली होती. छतावर चाळीस दिवे, मंचावर सुवर्णकांतीचे पाच मानकरी आणि सहावी रिकामी खुर्ची. मास्तरांना पाहून बलगुरू क्षणभर थबकले, पण क्षणभरच.

"आपले मास्तर आले आहेत. त्यांचे चिरंजीव सध्या मौनसाधनेत आहेत. चौथ्या पायरीची पूर्वतयारी."

"दवाखान्यात आहे तो," मास्तर म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मला रंगाबद्दल बोलायचंय. मागे बोललो होतो, ते चुकलं."

ते भिंतीशी गेले, एक बाक खिडकीखाली ओढलं, त्यावर चढले आणि तपकिरी कागदाचं टोक धरून खाली ओढलं. साठीचा माणूस, पण कागद कसा ओढायचा हे त्यांना ठाऊक होतं. एक खिडकी, दुसरी, तिसरी. अडीच वाजताचं पांढरं, निर्मळ ऊन खोलीत आलं. चाळीस ऊर्जादीप जळत होते, पण आता ते दिव्यांसारखे दिसत होते.

"ऊर्जा दूषित होते आहे," बलगुरू म्हणाले. "सूर्यकिरणांत जे नको ते घटक..."

"रंग उजेडात पाहायचा असतो. माझा नियम मीच मोडला होता." मास्तरांनी खिशातून पांढरं कार्ड काढलं. "पोरांनो, इकडे या. एकेक जण. माझ्यासाठी नको, आपापल्या आईसाठी या."

पहिला आला. त्याच्या डोळ्याशेजारी कार्ड धरल्याबरोबर पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. दुसरा आला, तिसरा आला. पाचांतल्या चौघांचे डोळे पिवळे निघाले. पाचवा म्हणाला, "मी गोळ्या घेत नव्हतो काका. चव आवडत नव्हती. मला हळद लावून उभं केलं होतं." हे सांगताना तो फार लाजला. सभेत त्या दिवशी लाजलेला तेवढाच एक माणूस.

"आता तुम्ही या," मास्तर बलगुरूंना म्हणाले.

"मी या परीक्षांच्या पलीकडे..."

"दोन पावलांचं अंतर आहे."

बलगुरू आले नाहीत, पण ऊन त्यांच्यापर्यंत गेलं होतं. मास्तरांनी लांबूनच कार्ड डोळ्यांच्या रेषेत धरलं. बलगुरूंच्या डोळ्यांचं पांढरं स्वच्छ होतं, नुकत्याच धुतलेल्या कपासारखं.

"तुम्ही रक्षक घेत नाही," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी बाटलीची छापील चिठ्ठी आणि तपासणीचा कागद वाचून दाखवला. सुई कशाची, गोळी कशाची, पिवळं कशामुळे होतं, दिवे कशासाठी लावले, खिडक्या कशासाठी बुजवल्या. सगळं डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत सांगितलं. स्वतःचे शब्द त्यांनी वापरले नाहीत, त्यांच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

अशा वेळी गोष्टीत लोक भोंदूला धरून बदडतात. इथे तसं काही झालं नाही. मागून एकजण म्हणाला की मास्तरांच्या पोराला झेपलं नाही, त्यात गुरुजींचा काय दोष. दुसरा म्हणाला की मग त्या दिवशी तुम्हीच कशाला पास केलंत, आणि त्यावर मास्तर "तेच सांगायला आलोय" म्हणाले. चार घरची माणसं आपापल्या पोरांना घेऊन निघून गेली. वाद चालू असताना बलगुरू मागच्या जिन्याने उतरले. पोलीस आले तेव्हा रिकामी खोकी आणि सात बनियनं सापडली, सगळी कच्च्या टाक्यांची. सध्या ते दुसऱ्या एका गावी असतात म्हणे आणि गोळी आता हिरवी आहे.

ती चार मुलं दवाखान्यात आली. दोघांना गोळ्या बंद करून घरी पाठवलं, दोघांना ठेवून घेतलं. हळद लावलेला पाचवा रोज त्यांना भेटायला यायचा, बहुधा आपण वाचलो याची लाज वाटून. एका दुपारी हे सगळे मास्तरांच्या मुलाच्या खाटेभोवती जमले. आई पायांशी बसली होती. आदल्या दिवशीच्या तपासणीत पिवळेपणा अडतीसवरून चौतीसवर आला होता. किडन्या होत्या तिथेच होत्या. डॉक्टरीणबाईंनी अजूनही "सांगता येत नाही" हेच सांगितलं होतं.

मुलांपैकी एकाने विचारलं, "काका, पण मग ओळखायचं कसं? खरं कोण आणि खोटं कोण?"

मास्तर उठून उभे राहिले. भाषण करायची त्यांची पद्धत नव्हती, पण गेले काही आठवडे त्यांच्या आत जे साठलं होतं ते वर आलं.

"नाव विचारा," ते म्हणाले. "जे अंगात घालायचं त्याचं नाव विचारा. नाव सांगत नसेल तर घेऊ नका. नाव सांगितलं तर दुसऱ्या माणसाला विचारा, ज्याचा त्यात फायदा नाही अशा. अंग काही सांगायला लागलं, की खाजतंय, नको वाटतंय, तर त्याचा अर्थ ज्याने दिलं त्यालाच विचारू नका. रक्त तपासा. रक्ताला खुशामत करता येत नाही. आणि कोणी जाणकार म्हणून उभा राहिला आणि वा म्हणाला, तर त्याला विचारा, तू कुठे उभा राहून बघितलंस? किती वाजता? तुझं मन कशावर होतं? तो बाप असला तरी विचारा. बाप असला तर आधी विचारा." त्यांचा आवाज चढत गेला होता आणि फाटायला लागला होता. "डोकं दिलंय ना आपल्याला? ते कोणाच्या पायावर ठेवायला नाही दिलेलं. मी एकतीस वर्षं..."

"बाबा," खाटेवरून मुलगा म्हणाला.

मास्तर थांबले. सगळे थांबले.

"जरा हळू बोला ना. पलीकडच्या आजोबांना आत्ता कुठे डोळा लागलाय."